घसारा आणि गळती : दोन शोधांचा ताळेबंद

जमाखर्च चोख ठेवणाऱ्या व्यापाऱ्यालाही दोन गोष्टींची नोंद घेणे अवघड जाते. पहिली गोष्ट घसाऱ्याची. यंत्र रोज थोडे थोडे झिजत असते, पण त्या दिवसाच्या रोजमेळात त्याची ओळ पडत नाही. वर्षाअखेरीस ताळेबंद मांडताना मात्र तो घसारा धरावाच लागतो. दुसरी गोष्ट गळतीची. गोदामातल्या मालाची घट आणि तेलाच्या डब्याची पाझर यांचे पैसे कोणी मागायला येत नाही, म्हणून त्यांच्याकडे लक्षही जात नाही.

शरीराच्या आणि कारखान्याच्या व्यवहारातही अशीच एक घसाऱ्याची आणि एक गळतीची बाजू आहे. सांध्यातील कूर्चा झिजते, ती भरून निघत नाही. इंधनाची उष्णता धुराड्यावाटे निघून जाते, ती परत येत नाही. या दोन्ही नुकसानींवर उपाय शोधण्यात विज्ञानाने दोनशेहून अधिक वर्षे घालवली आहेत आणि दोन्हींत खरे यशही मिळवले आहे. मात्र यश जेवढे खरे आहे, तेवढ्याच त्याच्या मर्यादाही खऱ्या आहेत. त्या ठाऊक नसतील, तर घरातील वडीलधाऱ्यांच्या गुडघ्यावर आणि कारखान्याच्या यंत्रावर चुकीच्या ठिकाणी पैसा खर्च होतो. म्हणून या दोन शोधांचा हिशेब जमा आणि नावे अशा दोन्ही बाजूंनी पाहणे अगत्याचे आहे.

गुडघ्याची गादी

गुडघ्यात मांडीचे हाड नडगीच्या हाडावर टेकते. दोन्ही हाडांच्या टोकांवर पांढरा, गुळगुळीत आणि लवचिक थर असतो. वैद्यकाच्या परिभाषेत त्याला कूर्चा म्हणतात; घरोघरी त्याला ‘गुडघ्याची गादी’ असे नाव आहे. तिची जाडी साधारण २ ते ४ मिलिमीटर असते. वजनातील दोनतृतीयांश किंवा त्याहून अधिक हिस्सा पाण्याचा असतो. उरलेल्या भागात कोलॅजनच्या तंतूंचे जाळे आणि पाणी धरून ठेवणारे घटक असतात. जिवंत पेशींचा वाटा आकारमानाच्या जेमतेम २ टक्के भरतो.

या गादीत रक्तवाहिन्या नसतात आणि मज्जातंतूही नसतात. तिच्या साऱ्या अडचणींचे मूळ येथे आहे. त्वचा कापली तर रक्त येते, खपली धरते आणि जखम भरते. कूर्चेला रक्तच पोहोचत नसल्याने दुरुस्तीचे साहित्य तेथवर जात नाही. मज्जातंतू नसल्याने झीज सुरू झाली तरी वेदना होत नाही. वेदना जाणवू लागते ती झीज हाडापर्यंत आणि सांध्याच्या आवरणापर्यंत पोहोचल्यावर. कूर्चेचे पोषण सांध्यातील द्रवातून होते. पाऊल टाकताना ती दाबली जाते, पाऊल उचलताना फुगते, आणि स्पंजाप्रमाणे तो द्रव आतबाहेर करते. म्हणूनच दिवसभर गादीवर मांडी घालून बसणाऱ्याच्या गुडघ्यालाही थोडे चालणे हवेच असते. हालचाल हे कूर्चेचे अन्न आहे.

लंडनचे शरीररचनाशास्त्रज्ञ विल्यम हंटर यांनी १७४३ मध्ये रॉयल सोसायटीपुढे सांध्यांच्या कूर्चेवर एक निबंध मांडला. कूर्चेला एकदा इजा झाली की ती पुन्हा पूर्ववत होत नाही, हे प्राचीन काळापासून वैद्यांना ठाऊक असल्याचे त्यांनी त्यात नमूद केले. पुढील सुमारे अडीच शतके या विधानाला धक्का लागला नाही.

गोटेबर्ग येथील प्रयोग

पहिले उपाय हाडाच्या वाटेने आले. १९८०च्या दशकात अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातील शल्यविशारद रिचर्ड स्टेडमन यांनी कूर्चा गेलेल्या जागी हाडाला बारीक छिद्रे पाडण्याची पद्धत रूढ केली. हाडाच्या मगजातून रक्त व पेशी वर येतात आणि तेथे नवा थर तयार होतो. परंतु हा थर जखमेच्या व्रणासारखा तंतुमय असतो. मूळ गादीचा गुळगुळीतपणा आणि टिकाऊपणा त्याला येत नाही.

स्वीडनमधील गोटेबर्ग येथे लार्स पीटरसन, मॅट्स ब्रिटबर्ग आणि अँडर्स लिंडाल यांनी वेगळा मार्ग धरला. रुग्णाच्या गुडघ्यातील कमी भार पेलणाऱ्या भागातून कूर्चेचा एक छोटा तुकडा काढायचा, प्रयोगशाळेत त्यातील पेशी सुट्या करून काही आठवडे वाढवायच्या, आणि त्याच रुग्णाच्या इजा झालेल्या जागी त्या पुन्हा भरायच्या. वरून हाडाच्या आवरणाचे एक पातळ ठिगळ शिवून जागा बंद करायची. माणसावरील पहिली शस्त्रक्रिया १९८७ मध्ये झाली आणि पहिला अहवाल १९९४ मध्ये एका प्रतिष्ठित अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

अहवालात २३ रुग्ण होते. त्यांची वये १४ ते ४८. मांडीच्या हाडाच्या टोकावर इजा असलेल्या १६ जणांपैकी १४ जणांचा परिणाम दोन वर्षांनंतर चांगला ते उत्तम ठरला. गुडघ्याच्या वाटीमागे इजा असलेल्या ७ जणांपैकी मात्र केवळ दोघांनाच तसा लाभ झाला. यशाच्या आकड्याशेजारी अपयशाचा आकडाही तितक्याच स्पष्टपणे छापला गेला. उपचाराची पारख करणाऱ्याने ही दुसरी ओळही वाचावी.

अमेरिकेत अशा उपचाराला १९९७ मध्ये मान्यता मिळाली. डिसेंबर २०१६ मध्ये त्याची सुधारित पद्धत मंजूर झाली; तीत रुग्णाच्या पेशी कोलॅजनच्या पातळ पडद्यावर वाढवून तो पडदाच इजेच्या जागी बसवतात. भारतातही रुग्णाच्याच कूर्चापेशी वाढवून रोपण करण्याच्या उपचाराला २०१७ मध्ये औषध नियंत्रकांची मंजुरी मिळाली आहे.

हा उपाय कोणासाठी?

येथे बारकाईने पाहणे जरूर आहे. हा उपचार मुख्यतः अपघाताने किंवा खेळताना झालेल्या एकाच ठिकाणच्या मर्यादित इजेसाठी आहे. भिंतीचा एका जागी पोपडा निघाला तर तेथे गिलावा करता येतो. सारी भिंतच ओलीने भुसभुशीत झाली असेल तर तो गिलावा धरत नाही. वयपरत्वे होणारी झीज दुसऱ्या प्रकारची असते. तीत संपूर्ण सांधा, खालचे हाड आणि आवरण हे सारेच बदललेले असते. २०१६ मध्ये मंजूर झालेल्या अमेरिकी उपचाराच्या माहितीपत्रकातच ५५ वर्षांवरील रुग्णांत त्याची सुरक्षितता व परिणामकारकता सिद्ध झालेली नाही, असे लिहिलेले आहे. सत्तरीतील आजीला कोणी ‘गादी पुन्हा उगवून देतो’ असे आश्वासन देत असेल, तर ते कोणत्या पुराव्यावर, हे विचारण्याचा कुटुंबाला पूर्ण अधिकार आहे.

औषधाच्या दुकानात सहज मिळणाऱ्या गोळ्यांबाबतही हेच म्हणावे लागते. ग्लुकोसामीन आणि कॉन्ड्रॉइटिन यांवर अमेरिकेत सरकारी अर्थसाहाय्याने मोठी चाचणी झाली. तिचा निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. गुडघेदुखीच्या १,५८३ रुग्णांपैकी काहींना या गोळ्या दिल्या, काहींना औषध नसलेली नुसती गोळी दिली. एकंदर गटाचा विचार करता दोन्हींत लक्षणीय फरक आढळला नाही. नुसत्या गोळीनेही सुमारे ६० टक्के रुग्णांना बरे वाटले होते. शेजारच्याला गुण आला या सांगीवांगीवर औषध का निवडू नये, हे या एका आकड्यावरून कळते.

शाकाहारी आणि अहिंसेचा विचार मानणाऱ्या कुटुंबांसाठी यात आणखी एक मुद्दा आहे. प्रचलित ग्लुकोसामीन बहुधा खेकडे व कोळंबी यांच्या कवचांपासून काढले जाते. वनस्पती अथवा बुरशीजन्य स्रोतापासून केलेले वेगळे मिळते, पण ते वेष्टन वाचून मागून घ्यावे लागते. कॉन्ड्रॉइटिन प्राण्यांच्या कूर्चेतून येते. वर उल्लेखिलेल्या अमेरिकी उपचारातील कोलॅजनचा पडदा डुकरापासून मिळवलेला असतो. मार्च २०२२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेले एक इस्रायली रोपण समुद्रातील प्रवाळाच्या सांगाड्यापासून बनते. जीव वाचवताना किंवा असह्य वेदना दूर करताना काय स्वीकारायचे, हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा प्रश्न आहे. परंतु तो निर्णय माहिती घेऊन आणि शस्त्रक्रियेच्या आधी व्हावा. ‘या औषधात किंवा रोपणात प्राणिजन्य घटक कोणता आहे आणि त्याला पर्याय आहे का?’ हा प्रश्न डॉक्टरांना विचारण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही.

मग वयस्कर गुडघ्यासाठी काय उरते? सर्वांत कमी खर्चाचे आणि पुरावा असलेले उपाय दोन आहेत : मांडीच्या स्नायूंचा नियमित व्यायाम आणि वजनावर नियंत्रण. गुडघेदुखी असलेल्या वजनदार व्यक्तींवरील अभ्यासात असे दिसले आहे की, एक किलो वजन घटले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे ४ किलोंनी हलका होतो. दिवसाकाठी काही हजार पावले पडतात, हे लक्षात घेतले म्हणजे या बचतीचे मोल समजते. झीज पराकोटीला गेल्यावर कृत्रिम सांधा हा खात्रीचा मार्ग आहे. भारत सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याची कमाल किंमत तेव्हा ५४,७२० रुपये ठरली, कर वेगळा. ही मर्यादा केवळ रोपणाला होती. रुग्णालयाचा खर्च तीत धरलेला नव्हता. म्हणून अंदाजपत्रक घेताना रोपणाची किंमत आणि इतर आकार वेगवेगळे लिहून मागणे हिताचे ठरते.

धुराड्यातून जाणारी लक्ष्मी

आता दुसरे खाते उघडू. कारखाना कोणताही असो, इंधन जाळले की त्यातील सारी शक्ती कामी येत नाही. मोटारीच्या इंजिनात पेट्रोलच्या शक्तीचा साधारण पाव ते तिसरा हिस्सा चाकांच्या कामी येतो. बाकीची उष्णता धूर आणि थंड करणारे पाणी यांच्यावाटे निघून जाते. कोल्हापूरच्या फौंड्रीतील भट्टी असो वा इचलकरंजीच्या कापडप्रक्रिया उद्योगातील बॉयलर, जवळ उभे राहणाऱ्याला ही गळती अंगावर जाणवते.

ही सारी उष्णता पकडून वीज का करू नये? प्रश्न साधा आहे. त्याचे उत्तर फ्रान्समधील तरुण अभियंता सादी कार्नो याने १८२४ मध्ये दिले. उष्णतेपासून काम मिळते ते ती गरम जागेकडून थंड जागेकडे वाहत असताना. आणि किती काम मिळू शकेल, याला दोन्ही तापमानांतील अंतराने घातलेली एक कमाल मर्यादा असते. १०० अंश सेल्सियसचे गरम पाणी आणि ३० अंशांचे वातावरण यांच्यामध्ये जगातील सर्वोत्तम यंत्र बसवले, तरी उष्णतेच्या शंभर भागांतून १९ भागांहून अधिक काम निघू शकत नाही. शरीराच्या उबेवर चालणारे उपकरण याहून मागे राहते, कारण अंग आणि हवा यांत जेमतेम १० अंशांचा फरक असेल तर कमाल मर्यादाच सुमारे ३ टक्के होते. तरीही १९९८ मध्ये एका जपानी कंपनीने मनगटाच्या उष्णतेवर चालणारे घड्याळ बाजारात आणले. घड्याळाला वीज फारच थोडी लागते, म्हणून ते साधले.

वाफेशिवाय, चाकाशिवाय, थेट उष्णतेपासून वीज मिळवण्याची युक्ती कार्नोच्या थोडी आधीची आहे. बर्लिनमध्ये १८२१ मध्ये टोमास योहान सीबेक याने दोन निरनिराळ्या धातूंच्या पट्ट्या दोन्ही टोकांना जोडून एक टोक तापवले. जवळ ठेवलेल्या होकायंत्राची सुई हलली. उष्णतेने धातूंत चुंबकत्व आले, असा त्याचा समज झाला. पट्ट्यांतून वीज वाहते आणि तिच्यामुळे सुई हलते, हे डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांनी ओळखले आणि या परिणामाला तापविद्युत असे नाव दिले. सीबेकने पुष्कळ पदार्थ तपासून त्यांची क्रमवार यादी केली होती, आणि त्यांत आज अर्धवाहक म्हणून ओळखली जाणारी खनिजेही होती. पण नोंद चुंबकत्वाच्या खात्यात पडल्यामुळे यादीचा विजेच्या दृष्टीने उपयोग करून घेण्यास शतकाहून अधिक काळ जावा लागला.

उत्तम वाहक आणि कंजूस वाहक

या युक्तीसाठी लागणारा पदार्थ विचित्र स्वभावाचा असावा लागतो. विजेला त्याने मुक्त वाट द्यावी, पण उष्णतेला मात्र अडवून धरावे. उष्णता सहज पलीकडे गेली तर दोन्ही टोके सारखीच गरम होतात आणि वीज थांबते. तांब्यासारखे धातू दोघांनाही मोकळी वाट देतात. काच आणि लाकूड दोघांनाही अडवतात. मधला मार्ग अर्धवाहकांत सापडला. सोव्हिएत रशियातील लेनिनग्राडचे शास्त्रज्ञ अब्राम इओफे यांनी त्यांचा पाठपुरावा केला. १९५०च्या दशकात तेथील वीज न पोहोचलेल्या खेड्यांत रॉकेलच्या दिव्याभोवती बसवलेल्या तापविद्युत संचावर रेडिओ चालत असत. इंग्लंडमध्ये १९५४ मध्ये ज्युलियन गोल्डस्मिड यांनी बिस्मथ टेल्युराइड या संयुगाचे गुण दाखवून दिले. नेहमीच्या तापमानासाठी आजही मुख्यतः तेच वापरले जाते.

या तंत्राचा खरा कस अवकाशात लागला. १९७७ मध्ये निघालेली व्हॉयेजर याने सूर्यापासून इतकी दूर गेली आहेत की तेथे सौरपट्ट्यांचा उपयोग नाही. त्यांच्यातील प्लुटोनियम आपोआप तापत राहते आणि त्या उष्णतेपासून वीज होते. सुरुवातीला प्रत्येक यानाला सुमारे ४७० वॉट वीज मिळत होती. ती दरवर्षी अंदाजे ४ वॉटने घटत आली. संचात फिरणारा एकही भाग नाही, म्हणून झिजायलाही काही नाही. चार दशकांहून अधिक काळ दुरुस्तीवाचून तो चालला.

आता नावे बाजू पाहू. २०१२ मध्ये मंगळावर उतरलेल्या क्युरिऑसिटी गाडीत सुमारे २,००० वॉट उष्णतेपासून ११० वॉट वीज मिळत होती, म्हणजे शंभरातील साडेपाच भाग. वर पाहिलेल्या १०० आणि ३० अंशांच्या उदाहरणात बिस्मथ टेल्युराइडसारखा पदार्थ शंभरातून तीन-चार भागच हाती देतो. अवकाशात दुसरा पर्याय नसल्याने हा भाव परवडतो. शहरात, जिथे तारेने वीज येते, तिथे तो सहसा परवडत नाही.

ही कसर भरून काढण्याच्या कामात भारतीयांचा मोठा वाटा आहे. पदार्थाची योग्यता ज्या गुणांकाने मोजतात, तो दीर्घकाळ १ च्या आसपास अडकला होता. कनिष्क बिस्वास यांनी अमेरिकेतील मर्कुरी कनात्झिडिस यांच्या गटात काम करताना २०१२ मध्ये लेड टेल्युराइडमध्ये तो २.२ पर्यंत नेला. पुढे बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत विज्ञान संशोधन केंद्रात त्यांच्या गटाने २०२१ मध्ये चांदी, अँटिमनी आणि टेल्युरियम यांच्या संयुगात थोडे कॅडमियम मिसळून, सुमारे ३०० अंश तापमानाला, २.६ हा आकडा गाठला. प्रयोगशाळेतील तुकड्यापासून कारखान्यातील संचापर्यंतचा प्रवास अजून व्हायचा आहे, आणि टेल्युरियम हे दुर्मीळ मूलद्रव्य आहे, हेही ध्यानात ठेवायला हवे.

उष्णता आधी उष्णता म्हणूनच वापरावी

म्हणून कारखानदाराने या शोधाकडे कसे पाहावे? महाराष्ट्रातील साखर कारखाने याचा चांगला धडा देतात. उसाचा भुसा, म्हणजेच बगॅस, जाळून वाफ करतात. ती उच्च दाबाची वाफ आधी टर्बाइन फिरवून वीज देते आणि दाब उतरल्यावर उरलेली उष्णता रस आटवण्यास वापरली जाते. एकाच वाफेकडून दोन कामे होतात. लहान उद्योगातही धुराड्याच्या उष्णतेने बॉयलरचे पाणी आधीच तापवणे आणि वाफेच्या नळ्यांना नीट आवरण घालणे, हे उपाय तापविद्युत संचापेक्षा बहुधा लवकर पैसे परत देतात. तापविद्युत तेथे शोभते, जेथे वीज थोडीच हवी पण खंड पडू नये : दूर माळरानावरील वायुवाहिनी, भट्टीतील तापमापक, शेगडी विझताच गॅस बंद करणारी झडप.

‘टाकाऊ उष्णतेपासून फुकट वीज’ अशी योजना घेऊन कोणी पेढीवर आला, तर तीन आकडे मागावेत. गरम बाजूचे तापमान किती, थंड बाजूचे किती, आणि प्रत्येक वॉटमागे भांडवली खर्च किती. पहिल्या दोहोंवरून कार्नोची मर्यादा निघते आणि तिसऱ्यावरून परतफेडीचा काळ. मर्यादेपलीकडचे उत्पन्न सांगणारी योजना पुढे तपासण्याची गरज उरत नाही.

गुडघ्यासाठीही प्रश्न तीनच आहेत. झीज एका जागी आहे की साऱ्या सांध्यात? सुचवलेला उपाय याच वयाच्या आणि याच अवस्थेच्या रुग्णांवर तपासला गेला आहे का? आणि त्यात वापरलेला पदार्थ कोठून आला आहे? डॉक्टरांच्या खोलीत जाण्यापूर्वी हे प्रश्न कागदावर लिहून घ्यावेत आणि घरातील एकाने उत्तरेही लिहून घ्यावीत. वडीलधाऱ्यांच्या वेदनेपोटी घाईने घेतलेल्या निर्णयापेक्षा या अर्ध्या तासाचा त्यांना अधिक उपयोग होईल.